पडघान सरांना दुखायची परवानगी नव्हती

पडघान सरांना सैतानाने नेलं, असं आमच्या मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोरचा पानवाला सांगतो. सांगताना तो पानाला चुना लावायचा थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणतो. "इंग्रजी भूत बोलावलं होतं त्यायनं. आपल्या इकडचं असतं तं कोनी ना कोनी काढलं असतं. त्याले कोन काढन?" समोरचं गिऱ्हाईक भोळं असेल तर त्या भुताला शिंगंही फुटतात. मी एकदोनदा भांडले आणि मग सोडून दिलं. पण परवा तेच वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये, चांगल्या पीएच.डी. झालेल्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहायला बसले.

आधीच सांगते, मी काही धीट बाई नाही. कॉलेजात ग्रंथपाल आहे, चार कपाटं भरून विज्ञानाची पुस्तकं सांभाळते, पण पाल चुकचुकली की टेबलावर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणते. मांजर आडवं गेलं तर स्कूटी थांबवून मोबाइल बघायचं नाटक करते, दुसरं कोणी पुढे जाईपर्यंत. पडघान सरांना हे पक्कं माहीत होतं. ते मागून सायकलवर येत, मला थांबलेली बघत आणि मोठ्यांदा म्हणत, "जा आता, बाई. माह्यावर घेतलं तुमचं मांजर."

उत्तम पडघान. आमच्याकडे इतिहास शिकवायचे. मूळचे धनजचे. अंगाने किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि त्याच्या खिशात पेनाच्या शेजारी बहुतेक वेळा एक लिंबू. हे लिंबू बाजारातलं नसे. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ते येताना चौका-चौकातून हळदकुंकू लावलेली लिंबं उचलून आणत, स्टाफरूमच्या नळाखाली धूत आणि सरबत करत. पहिला घोट घेऊन सांगत, "साखर जरा कमी हाय, बाकी भूत एक नंबर." ते सरबत प्यायला आम्ही कोणी पुढे होत नसू. मी तर त्या दिवशी माझा पेलाही कपाटात कुलपात ठेवत असे.

त्यांच्या घरात या गोष्टीची सुरुवात आज्यापासून होती. धर्मांतर झालं तेव्हा त्यांच्या आज्याने देवघरातले सगळे देव पोत्यात बांधून नदीत सोडले होते. सर ही गोष्ट वर्गात रंगवून सांगत. "पुरं गाव वाट पाह्यत होतं, आता याच्या घरी काय होते. म्हैस आटते का पोरगं मरते. काई झालं नाई. आजा म्हातारा होऊन मेला. आमच्या घरातला पयला प्रयोग थो."

पुढचे प्रयोग नातवाने केले. रविवार आला की सर गावोगाव कार्यक्रम करायला निघत. कार्यक्रमाचं नाव 'करून दाखवा'. नारळातून आग काढणं, जिभेत त्रिशूळ घालणं, असले बाबालोकांचे खेळ ते स्वतः करून दाखवत आणि मग त्यातली मेख सांगत. बरोबर त्यांची मुलगी सुजाता असायची. तिची आई लवकर गेली होती, घरी कोणाजवळ ठेवणार? दोन वेण्या घातलेली ती पोरगी बापाची पिशवी सांभाळायची, आणि कोणत्या नारळात काय भरलंय हे तिला बापापेक्षा जास्त पाठ असायचं.

अनसिंगकडच्या एका वस्तीतली गोष्ट मी सुजाताकडूनच ऐकली होती. तिथे एक पडीक वावर होतं. त्यात पाय ठेवला की माणूस रक्त ओकून मरतो, अशी बोलवा. सर आणि सुजाता गेले, वावराच्या मधोमध सतरंजी टाकली, भाकर खाल्ली आणि सर चक्क घोरत पडले. बांधावर जमलेले लोक सरांपेक्षा जास्त घाबरलेले. उठून सर म्हणाले, "हे काईच नोय. मी येत्या रविवारी पुन्हा येतो, तवा माह्यं तोंड पाहा." आणि गेलेही. मला ते नेहमी सांगत, "तिथं जाणं सोपं असते, बाई. दुसऱ्या रविवारी धडधाकट तोंड दाखवणं, हा खरा कार्यक्रम." त्यांचा सगळा पुरावा म्हणजे त्यांची तब्येत होती. या वाक्याचा पुढे केवढा फास होणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार?

त्यांचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. ते कोणाच्या समाधानासाठीसुद्धा उतारा करत नसत. एकदा एक म्हातारी नातसुनेला घेऊन कॉलेजात त्यांना शोधत आली. नातसुनेला कोणी काही केलंय म्हणे. सरांना एवढे मंत्र येतात, तर एक अंगारा फुंकून द्या, तिला बरं वाटेल, म्हणून रडू लागली. सर दोघींना स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, नातसुनेला तपासून घेतलं, औषधं आणून दिली, परत बसमध्ये बसवून दिलं. अंगारा काही दिला नाही. मी म्हटलं, "सर, चिमूटभर राख दिली असती तर काय बिघडत होतं?" ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "उतारा केला का करणी खरी ठरते, बाई. आज मी राख देईन, अन् उद्या थे सांगन, पडघान सरानं बी मान्य केलं."

हा माणूस पुढे माझ्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून, मान मोडून, पाश्चात्त्य मंत्रतंत्राचा अभ्यास करताना दिसू लागला तेव्हा मला पहिल्यांदा हसूच आलं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या इंग्रजी पोथ्यांच्या झेरॉक्स, शेजारी जाड शब्दकोश आणि एक लॅटिनचं व्याकरण. वर्तुळं, त्रिकोण, उलटसुलट अक्षरं. माझी नजर पडली की मी पटकन दुसरीकडे बघायची. सर मात्र सुरुवातीला रंगात येऊन सांगत. "यायच्या भुताईले हुद्दे हायेत, बाई. राजा, सरदार, उमराव. परतेकाच्या हाताखाली फौज. कोनाकडे गुप्तधनाचं खातं, कोनाकडे भांडणं लावायचं. पार मंत्रालय हाय. फक्त बदली नाई." मी विचारलं, "आणि हे वाचताय कशाला?" त्यांनी पुस्तक मिटलं. तेव्हा मला दिसलं की ते अजिबात रंगात नव्हते. म्हणाले, "सुजू घरी आली हाय. झोपत नाई."

सुजाता इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागली होती. आता लॅपटॉप घेऊन घरी परतली होती, काम घरून करते म्हणे. मी भेटायला गेले तर ओळखू येईना. डोळे खोल गेलेले. पाठ भिंतीला टेकवूनच बसायची, आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावरून मागे बघायची. मी लगेच वळून बघितलं. मागे कॅलेंडर होतं.

हळूहळू ती बोलली. पुण्यात खोली बघायला गेलं की आडनाव विचारत. "पडघान म्हणजे नेमके कोण?" हा प्रश्न इतका गोड आवाजात येई की उत्तर द्यायच्या आधीच खोली गेलेली असे. ऑफिसातही तेच. मग तिला इंटरनेटवर एक मंडळ सापडलं. माणसं कुठली कुठली, काही परदेशातली. तिथे आत येताना जुनं नाव बाहेर ठेवायचं आणि लॅटिनमधलं नवं नाव घ्यायचं. "मावशी, तिथे मला कोणी कोण म्हणून विचारलंच नाही," ती म्हणाली. सर स्वयंपाकघरात चहा करत होते. भांड्याचा आवाज थांबला.

सुरुवातीला तिथे ध्यान, श्वास, मनाची ताकद असं काहीबाही होतं. मग त्यांच्या गुरूने सांगितलं की उजेडाची बाजू झाली, आता काळोखाची. जो आपल्या काळोखासमोर उभा राहिला नाही तो अर्धाच. सुजाताने काचेला मागून काळा रंग देऊन आरसा केला, फरशीवर वर्तुळ काढलं, धूप जाळला आणि पोथीतलं एक नाव घेऊन बोलावलं. या विधीचा एक कडक नियम आहे. ज्याला बोलावलं त्याला शेवटी रीतसर निरोप द्यायचा, आणि निरोप झाल्याशिवाय वर्तुळाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. ऐन मध्यात घरमालक दार बडवू लागला, धूर कसला येतोय म्हणून. सुजाता गोंधळली, उठली, वर्तुळ ओलांडून दार उघडायला गेली. निरोप राहिला. त्या दिवसापासून तिला वाटत होतं, ते गेलेलंच नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी शिकलेली मुलगी! मी नाही म्हणणार. मी मांजरासाठी स्कूटी थांबवते.

सरांनी वेळ घालवला नाही, तिला अकोल्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. ती नियमाने घ्यायची, दोन घास खाऊही लागली. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिच्याशी या विषयावर वाद घालू नका. पण वाद न घालणं आणि पडघान सर, ही गाठ कशी पडणार? आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकीसुनांना भानामतीतून सोडवलेला माणूस. आपली पोर समोर बसून मागे वळून बघते, हे त्यांना पाहवत नव्हतं. आणि नेहमीचे खेळ तिच्यापुढे चालणार नव्हते. नारळातली मेख तिनेच तर भरली होती. म्हणून ते तिच्या पोथ्या वाचत होते. तिच्या भाषेत तिच्याशी बोलता यावं म्हणून उतारवयात लॅटिनचे प्रत्यय पाठ करत होते.

एका मंगळवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. "साक्षीदार पाह्यजे, बाई. तुमच्याइतका भित्रा दुसरा कोन हाय?" मी घरून निघताना देवापुढे दिवा लावला, हे त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या खोलीत खडूने वर्तुळ काढलं होतं. इतिहासाच्या माणसाचं काम, एकेक अक्षर पोथीबरहुकूम. बाहेर त्रिकोण, त्रिकोणात तो काळा आरसा. पोथीत सांगितलेला मुहूर्तही त्यांनी काढला होता. सुजाता दाराशी उभी राहिली. "बाबा, नका करू," ती म्हणाली. सर वर्तुळात उभे राहिले आणि वऱ्हाडी उच्चारात लॅटिन सुरू झालं. तेच नाव, जे तिने घेतलं होतं. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी भिंतीवर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हटलं.

काही झालं नाही. सर थांबले. आरशाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग आमच्याकडे बघून हसले. पोथीत पुढे निरोपाचं पान होतं. ते त्यांनी मिटलं आणि सरळ वर्तुळाबाहेर पाय टाकला. "पाह्य, सुजे. मी बी निरोप देला नाई. आता काय होते थे मले होऊ दे. अन् येत्या रविवारी माह्यं तोंड पाह्य."

त्यांनी जन्मभर हेच केलं होतं, आणि प्रत्येक गावात ते लागू पडलं होतं. पण त्या गावांमधले लोक त्यांच्यावर जीव टाकणारे नव्हते. सुजाताचा चेहरा मी बघत होते. तिच्या मागे उभं असलेलं आता तिच्या बापाच्याही मागे उभं राहिलं होतं, आणि ते तिच्यामुळे.

त्यानंतर ती स्वतःसाठी घाबरायची थांबली आणि बापासाठी घाबरू लागली. तिच्या गोळ्यांनाही मग झोप आणता येईना. सर अंघोळीला गेले की न्हाणीच्या दाराशी उभी. सर झोपले की त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली. रविवारी तोंड दाखवून झालं, त्याच्या पुढच्या रविवारीही झालं. तिला रविवाराचं काही वाटेना. सायकल घसरून सरांचा गुडघा फुटला तर ती पांढरी पडली. साधा खोकला आला तर तिने जेवण सोडलं. तेव्हापासून सर खोकला आला की ग्रंथालयात येऊन खोकत.

हो, खोकायला ते माझ्याकडे येत. आल्यावर कपाटाला हात टेकून उभे राहत, कपाळाला घाम. एकदा मी खुर्ची दिली आणि म्हटलं, "सर, हे साधं नाही. छातीत दुखतंय का?" ते बसले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "बाई, मले आता दुखायची परवानगी नाई."

मी त्यांना अक्षरशः ओढत डॉक्टरकडे नेलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हे काही आजचं नाही, बरीच वर्षं चाललंय. ऑपरेशन करा, नागपूरला जा, आणि उशीर करू नका. सर बाहेर येऊन पायरीवर बसले. मला वाटलं, घाबरले. पण त्यांची काळजी वेगळीच होती. "मी मेलो तं मेलो. पण पोरगी जन्मभर म्हणन, माह्या चुकीनं माहा बाप गेला. थे मी कसं होऊ देऊ?"

सगळी गोष्ट इथे येऊन अडकली होती. ऑपरेशन करायचं तर तिला सांगावं लागणार. सांगितलं की तिला पुरावा मिळणार. नाही केलं तर एक दिवस तसाच पुरावा मिळणार. त्या दिवसांत माझीच झोप उडाली. फोन वाजला की पडघान सरांचंच काही असेल, असं वाटायचं. मी त्यांना रोज बोलायची, चिडायची, "तुमची तत्त्वं घाला चुलीत" इथपर्यंत बोलले. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पाहू."

शेवटी त्यांनी तिला खरं सांगितलं. मी होते तिथे. आजार जुना आहे, तू यायच्या आधीपासून चढावर सायकल हातात धरून चालत होतो, डॉक्टरही तेच म्हणतात. सुजाता शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, खोकला आला तेव्हा तुम्ही म्हणालात काही नाही. दम लागला तेव्हा म्हणालात काही नाही. आता हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय." तिच्या काळजीपोटी सर इतके दिवस खोटं बोलले होते, आता त्यांचं खरं कोणी धरत नव्हतं. ती पुढे म्हणाली, "तुम्ही निरोप न देता ऑपरेशनला गेलात तर परत येणार नाही." त्यात धमकी नव्हती. बस चुकेल असं कोणी सांगावं, तसं सांगितलं तिने.

त्यानंतर आठवडाभराने असेल, दुपारी सर स्वतः मला घ्यायला आले. घराच्या मागच्या अंगणात लख्ख ऊन होतं. फरशी धुतलेली, वर्तुळ पुन्हा काढलेलं, आरसा त्रिकोणात. मला वाटलं होतं, ते थट्टेने करतील, निदान डोळा तरी मारतील. पण त्यांनी अंघोळ केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. खिशात काही नव्हतं. ते वर्तुळात गेले आणि सगळा विधी पहिल्यापासून केला, एकही शब्द न गाळता. पोथीत एका जागी आपलं नाव सांगायचं असतं. मंडळातले लोक तिथे लॅटिनमधलं घेतलेलं नाव सांगतात. सर कोर्टात साक्षीला उभं राहिल्यासारखे म्हणाले, "मी उत्तम तुकाराम पडघान. मूळ राहणार धनज. सुजाता पडघानचा बाप."

सुजाताने मान वर केली.

मग निरोप. आधी लॅटिनमधून. नंतर ते थांबले, घसा साफ केला आणि आपल्या बोलीत म्हणाले, "कोनी आलं असन, तं आता शांतपणे जा. माह्या पोरीनं बोलावलं थे माफ कर, अन् मी मस्तीनं बोलावलं थे बी माफ कर. आमच्या दोघाईचं तुह्याशी काई वैर नाई." पोथीत लिहिलं होतं तेवढा वेळ ते उभे राहिले. मग वाकून, स्वतःच्या हाताने, वर्तुळ पुसलं.

सुजाताने त्यांना एकच विचारलं. "मनातून म्हटलं ना, बाबा?"

"मनातून," सर म्हणाले.

ती ओसरीवरच्या बाजेवर आडवी झाली आणि आम्ही बघता बघता झोपली. गाढ, तोंड उघडं टाकून, लहान असताना वावराच्या बांधावर झोपत असेल तशी. सर शेजारी बसून वर्तमानपत्राने माश्या वारत होते. मी हळूच विचारलं, "सर, खरंच मनातून?" त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आजपासून मले 'करून दाखवा' म्हणायचा हक्क राह्यला नाई, बाई. त्या म्हातारीले चिमूटभर राख देली नाई मी. अन् आज पोरीसाठी पुरा उतारा केला." थोड्या वेळाने आणखी हळू म्हणाले, "अन् म्हणताना मले भेव वाटलं. एवढ्या वर्षांत पयल्यांदा. कायचं वाटलं थे मले सांगता येत नाई." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी रडले असते, आणि त्या झोपलेल्या बाईची झोप मोडली असती. बाई कसली, पोरच ती.

डॉक्टर पुढे म्हणाले की गोळ्यांचा असर आता दिसतोय. असेलही. सर त्यांच्यासमोर मान हलवून "बरोबर" म्हणाले. ती झोपू लागली, हे खरं होतं, आणि कशाने झोपू लागली याचा वाद त्यांनी जन्मात पहिल्यांदा घातला नाही.

नागपूरला जायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेले. एसटी लागलेली होती, दोघं आधीच आत बसले होते. मी खिडकीपाशी गेले. सुजाता खिडकीला होती आणि बस सुटायच्या आतच तिचा डोळा लागला होता. तिचं डोकं सरांच्या खांद्यावर, नेमकं डाव्या बाजूला. सर ताठ बसले होते, चेहरा ओढलेला, आणि मला कळत होतं की त्या खांद्यावर वजन त्यांना सोसत नाहीये. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हात हलवून निरोपही घेतला नाही, ती जागी होईल म्हणून. बस वळली तेव्हाही ते तसेच ताठ बसलेले दिसत होते.

ऑपरेशन झालं. बरं चाललंय, असा फोन आला. मी देवाला नारळ फोडला. आणि मग एका दुपारी, मी पुस्तकं रचत असताना, पुन्हा सुजाताचा फोन आला.

"मावशी, बाबा गेले."

मी स्टूलवरच बसले.

"डॉक्टर म्हणले, हृदय आधीचंच लय थकलेलं होतं. वर्षानुवर्षाचं हाय म्हणले." पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून ही बोली मी ऐकली नव्हती. मग ती थांबली. "मी झोपली होती, मावशी. बाहेर बाकावर. नर्सनं उठोलं मले."

मग तिने विचारलं.

"मी जागी राह्यली असती तं?"

ज्या प्रश्नापायी सर जन्माचा नियम मोडून त्या वर्तुळात उभे राहिले होते, तो असा, भर दुपारी, माझ्याकडे आला. पाल चुकचुकली तर टेबल बडवणाऱ्या बाईकडे. मी उभी राहिले आणि इतक्या जोरात बोलले की वाचत बसलेली मुलं माना वर करून बघू लागली.

"तरी गेलेच असते, सुजे. तू जागी असतीस तरी गेलेच असते."

"हो ना?"

"हो."

मग ती रडू लागली. इतक्या महिन्यांत मी तिला घाबरलेली पाहिली होती, रडताना एकदाही नाही. बाप गेलेली कुठलीही मुलगी रडते तशी ती रडत होती, आणि मी फोन कानाला लावून ऐकत उभी राहिले.